तंग करून आणलेली जीन्स
कोऱ्या जीन्सच्या कापडाचा वास आला की हिंगणघाटच्या आमच्या कापडदुकानातली, मी कॉलेजात असतानाची एक संध्याकाळ आठवते. माझ्या ढगळ्या जीन्स बाबांनी शिंप्याकडून तंग करून आणल्या होत्या. त्यातली एक घालून मी गादीवर बसलो, तर मांडीही घालता येईना. "टेपरेकॉर्डर काढून घेतला काय म्या तुहा? हिप-हॉप आयक ना दिवसभर," बाबा म्हणाले, "पण गाण्यासाठी असे ढगळे कपडे काऊन लागते?" "ते नुसतं गाणं नाई, बाबा." "मंग काय आहे?" मी बाहेर बघितलं. समोरच्या चौकात मित्रांचा गोल जमला होता. तिथे आम्ही हिप-हॉपच्या ठेक्यावर आपल्या वऱ्हाडीत यमकं जुळवून भांडायचो, आणि कोणाचा बाप काय करतो हे कोणी विचारत नसे. माझी पाळी आली तसे सगळे दुकानाकडे बघत थांबले. बाहेर पडायच्या वाटेत बाबा उभे होते. मी मीटरपट्टी उचलली आणि एका बाईंना अस्तर मोजून दिलं. चौकात पुढच्याने सुरुवात केली. त्यानंतर मी त्या गोलात गेलो नाही. आज दुकान मीच चालवतो. टेप मात्र घरी वाजत राहिला होता, म्हणून माझं काही गेलं असं बाबांना शेवटपर्यंत वाटलं नाही.