अजितची शिस्त

आमच्या मराठी मंडळाचा नवा अध्यक्ष अजित मूळचा नागपूरचा, राहतो इथे बंगळूरच्या मारतहळ्ळीत, नोकरी आयटीतली. माणूस इतका चांगला की त्याच्यावर धड चिडताही येत नाही. खुर्च्या स्वतः लावतो, म्हाताऱ्यांना गाडीनं घरी सोडतो, मला अक्का म्हणतो. काय करायचं अशा माणसाचं?

त्याच्या आधी अध्यक्ष मी होते. आमच्या नाटकांना लोक ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडत दुसऱ्या अंकाला उगवायचे. मी नियम केला, पडदा उघडला की दार बंद, मग कुणीही असो. पहिल्याच प्रयोगाला आमचे सर्वांत मोठे देणगीदार बाहेर राहिले. एका मराठी पेपरचा इथला बातमीदार प्रणीत, त्यानं छापलं, 'यशश्रीबाईंचा पारा चढला'. पुढे मुलाखतीला आला तो घर आणि मंडळ कसं सांभाळता हे विचारायला. दाराबद्दल मी तासभर बोलले. छापून आली माझी पुरणपोळी.

यंदा अजितनं तेच दार त्याच देणगीदारांच्या तोंडावर लावलं. प्रणीतचा मथळा होता, 'कणखर नेतृत्वाने मंडळाला शिस्त'. सोबत हाताची घडी घातलेला अजितचा हा एवढा मोठा फोटो.

"अक्का, मी त्याला दोनदा सांगितलं, नियम तुमचा आहे म्हणून," अजित म्हणाला. "त्यानं घेतलंच नाही."

तो खरं बोलत होता. त्यामुळे माझा आणखीच जळफळाट झाला.

मग प्रणीतचा फोन आला. अजितवर अख्खं पान करतोय, माजी अध्यक्षा म्हणून दोन शब्द हवेत.

"त्याला विचारलंस का, घर आणि मंडळ कसं सांभाळतो? पुरणपोळी जमते का? शर्ट कुठून घेतला?"

प्रणीत खो खो हसला. "मॅडम, भारी आहात तुम्ही!"

"मी थट्टा करत नाहीये. दाराचा नियम माझा. तेवढं छाप."

"सरी, सरी," असा कानडीत होकार देत त्यानं फोन ठेवला.

रविवारी चहा निवत ठेवून मी ते पान वाचलं. नियम कुणाचा, याचा एक शब्द नव्हता. अगदी तळाशी मात्र मी होते: 'अजित यांचे कौतुक माजी अध्यक्षांना फारसे रुचलेले दिसले नाही. त्यांच्या बोलण्यात मत्सर जाणवला.'

इतक्या वर्षांत प्रणीतनं माझ्याबद्दल छापलेलं हे पहिलं खरं वाक्य.