बाभळीची गाडी, लोखंडाची गाडी

बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेला आणि माकणीच्या महानंदाला धाकट्या दिरानं, भीमाशंकरनं, वाटणीत जुनी बाभळीची बैलगाडी दिली. नवी लोखंडी गाडी त्यानं स्वतःकडं ठेवली.

“लाकडाला वाळवी लागती, वहिनी. लोखंड जलमभर टिकतंय,” तो हसून म्हणाला.

दोन्ही गाड्या संसार लादून ऊसतोडीला निघाल्या. येरमाळ्याच्या घाटात एका खड्ड्यात लोखंडी सांगाड्याचा सांधा तडकला आणि गाडी खाली बसली. बाभळीची गाडी करकरली, लवली, पण वर चढली.

“वहिनी, आमाला घ्या,” दीर म्हणाला.

महानंदानं जावेला आणि तिच्या लेकरांना तेवढं वर घेतलं.

“तुमी लोखंडापाशीच बसा, भावजी,” म्हणून तिनं बैल हाकले.

हंगामभर जाऊ फडाजवळ तिच्याच कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहिली. दिराशी महानंदा पुन्हा कधी बोलली नाही.