दोन रोहूंची आतडी

शाळेचा आणि माझा संबंध तिसरीपर्यंतचा. पण मासा फाडायला बसलो तर त्याने काल काय खाल्लं ते मी सांगतो. ही बढाई नाही. उजनीच्या काठावर उभा जन्म मासळीवर सुरी चालवलीय.

उतारवयात उसाच्या कडेला तळं खणून त्यात रोहू सोडले. पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी मासा खायचा, पण अंग धरीना. पाण्यावर माशांची पांढऱ्या दोऱ्यासारखी घाण तरंगायची. मुलगा म्हणाला, "आण्णा, दिवाळीपतोर बघतो. न्हाय सुधारलं तर तळं बुजवून ऊस लावनार." त्या तळ्याचा सगळा काठ मी कुदळीने घडवलेला. त्या दिवशी मी जेवलो नाही असं बायको सांगते. जेवलो होतो, कमी जेवलो होतो.

सुनेने कुठल्याशा शिबिरात ऐकून एक पावडर आणली. तिचं म्हणणं, हे खाणं माशाचं नव्हेच, त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं. ते पोसले की वाईट जंतूंना जागा उरत नाही आणि माशाने खाल्लेलं अंगी लागतं.

"म्हंजे मासा माझा, आन् जेवणावळ जंतूंची?"

"मामा, तुमी रोज ताक पिता की. त्यात काय असतंय?"

"मीठ असतंय."

मी हटलो नाही, तीही हटली नाही. शेवटी पैज लावून तळ्याच्या मधोमध जाळं ताणलं. पलीकडे तिचे मासे, अलीकडे माझे. ती कोंडा-पेंडीत चमच्याने मोजून पावडर कालवायची, थोडं तेल चोळून सावलीत वाळवायची. मी कोंडा आणि पेंड मुठीने टाकायचो. शेजारी बांधावरून विचारायचा, "काय आण्णा, वाटण्या झाल्या जणू?"

दिवाळी सरल्यावर दोन्हीकडचे मासे काट्यावर टाकले. फरक म्हणाल तर चिमूटभर. सुनेचं तोंड उतरलं. मुलगा म्हणाला, "झालं मग. उद्या माती टाकायला ट्रॅक्टर सांगतो." पैज मी जिंकलो होतो आणि तळं चाललं होतं.

मी म्हणालो, "सुरी आना."

दोन्हीकडचा एकेक रोहू फाडला. रोहूला पोटाची वेगळी पिशवी नसते, नुसतं लांब वेटोळं आतडं. माझ्या माशाचं ओल्या कागदासारखं, बोट लागताच फाटलं. आत शेंबडासारखा चिकटा आणि कोंडा तसाच्या तसा. तिच्या माशाचं गुलाबी, दोरीसारखं घट्ट, आत कोंड्याचं नाव नाही, सगळं पचलेलं. मी दुसरी जोडी काढायला लावली. मग तिसरी. सगळीकडे तेच.

ते वाचता येणारा घरात मी एकटा. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"आतडं आदी सुधारतंय, अंग मागनं," मी मुलाला म्हणालो. "तिचं बरोबर हाय. ट्रॅक्टर सांगू नगंस."

"आण्णा, हे तुमी म्हनताय?"

"मीच म्हनतोय. हितं दुसऱ्या कुणाला कळतंय?"

त्याने दोन्हीकडची आतडी बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाला, "बरं, उन्हाळ्यापतोर बघू." सून नुसती हसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ते सहा मासे तळले, तिचे वेगळे, माझे वेगळे. मी दोन्ही खाल्ले. चवीत काडीचा फरक नव्हता, आणि तेवढं मी हात धुवायच्या आधी सगळ्यांना सांगून टाकलं.