हेल्मेट घालून कोंबड्या राखणाऱ्या आत्याबाई

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर असं, की दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण एवढं मात्र मी न अडखळता लिहिते, की घारीला तोंडावर शिव्या देऊन आल्या वाटेने परत पाठवणारी बाई नागपूरजवळच्या अख्ख्या वाडी गावात एकच आहे, आणि ती आमची आतेसासू आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. अमरावती रोडच्या गोडाऊनमागे त्यांच्या दोन खोल्या आणि पुढे मोकळं अंगण. बचत गटातून कर्ज काढून त्यांनी गावरान कोंबड्या घ्यायचं ठरवलं तेव्हा जामीन म्हणून सही मी केली. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझा हात धरून पेनच हातात दिला. गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, "आत्याबाई, पिंजरा तं घ्या. समोरच्या निंबावर घारीचं घरटं आहे. तुमचे पैसे तिच्या पोटात जातीन अन् भरत बसन ही सून." आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घारीले एक पिल्लू देणार नाही, तुमचा एक हप्ता बुडवणार नाही, अन् पिंजरा तं घेणारच नाही!" मला मात्र रात्री झोप लागेना. ते पैसे भरायला माझ्याजवळ होतं काय?

पिंजऱ्याचं त्यांच्यापुढे नाव काढायची सोय नाही. नवरा वारल्यावर सासरच्यांनी त्यांना वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी चहा घेतला, कप विसळून जागेवर ठेवला आणि गोडाऊनमध्ये पोती शिवायला निघून आल्या, त्या परत गेल्याच नाहीत. "मले कोंडलं तं मी राहिली का? मंग त्या काहून राहतीन वं?" असं कोंबड्यांकडे बोट दाखवून विचारतात.

हेल्मेटचं असं झालं, की निंबावर पिल्लं निघाल्यावर घार अंगणात येईल त्याच्या डोक्यावर झेप घ्यायला लागली. एकदा तिने आत्याबाईंचा अंबाडाच सोडला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या नवऱ्याचं जुनं लाल हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढलं ते चढलंच. दाणे टाकताना हेल्मेट, भाजी निवडताना हेल्मेट, पायी बाजाराला जातानाही हेल्मेट. लोक हसले की म्हणतात, "हसा. पोलीस तं खुश आहेत ना माह्यावर!"

पिल्लांना लपायला अंगणात त्यांनी जुन्या खाटा मांडल्या. वर दोऱ्या ताणून त्यांना ट्रकवाल्यांनी दिलेले चमकीचे झुपके बांधले, ते वाऱ्याने असे लखलखत की घारीपेक्षा पोस्टमन जास्त घाबरायचा. तरी त्यांचं समाधान होईना. उंच केबिनमध्ये बसणाऱ्याला घार आधी दिसणार, असं म्हणून त्यांनी माल उतरवायला येणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना चहा पाजला. "घार दिसली का हारन मारजा गा!" ते खुशीने मारू लागले. कोंबड्याही हुशार, हॉर्न वाजला की पिल्लांसकट खाटेखाली. आत्याबाई आठवडाभर मिरवत होत्या. पण अमरावती रोडवर हॉर्न वाजत नाही असा क्षण कोणता? कोंबड्या दिवसभर खाटेखालीच बसून राहू लागल्या. दाणे तसेच, अंडी बंद. मग आत्याबाई हेल्मेट घालून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि येईल त्या ट्रकवर ओरडू लागल्या, "उगीच वाजवू नोका गा! कोंबड्या उपाशी आहेत माह्या!" एका ड्रायव्हरने ट्रक थांबवला, हात जोडले आणि म्हणाला, "माताजी, आगे भैंस खडी है."

हळूहळू कोंबड्यांना हॉर्नची सवय झाली. कितीही वाजो, त्या मान वर करेनात. त्याच दिवसांत एका दुपारी मी गेले तर आत्याबाई खाटेवर बसलेल्या, हेल्मेट मांडीवर. म्हटलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही वं, गरमी होऊन राहिली." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिवायची पोती घरीच आणली. अंगणात बसून एक टाका पोत्यात, एक नजर आभाळात. सावली दिसली की ताट बडवून ओरडायच्या, "आली वं, आली!" तो आवाज मात्र कोंबड्यांनी कधी खोटा धरला नाही. खाली आत्याबाई, वर घार. दोघींनी तो अख्खा उन्हाळा एकमेकींवर डोळे रोखून काढला.

शेवटच्या हप्त्याला त्या हेल्मेट घालूनच गटात आल्या. नोटा सतरंजीवर ठेवल्या. "मोजा." अध्यक्षांनी मोजल्या, मग हसून विचारलं, "खरं सांगा, किती पिल्लं नेली घारीनं?"

"एक भी नाही," आत्याबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

मी त्यांच्याबरोबर घरी आले. अंगणात आल्यावर हळूच म्हणाल्या, "एक गेलं होतं वं. पांढरं. नेहमी मागं राहे ते. त्याच्या किमतीची पोती जास्तीची शिवली मी. घारीनं खाल्लं तेही मीच भरलं."

निंबावरचं घरटं रिकामं झालं होतं. घारीची पिल्लंही उडून गेली होती. आत्याबाईंनी वर पाहिलं, पण शिवी काही दिली नाही. हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं, केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "तुही सही सुटली, जा." सगळे पैसे फिटले होते.