आठवा वजीर

"चुकलं तर एकच पाऊल मागं यायचं, भाऊ. पळून घरी नाही जायचं." असं म्हणत ताई चौकड्यांच्या कापडावरचं शेवटचं बटण उचलत आणि शेजारच्या घरात ठेवत.

सुरतजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात आम्ही दोघं कॉम्प्युटरवर बिलं काढायचो. त्या डिंडोलीहून येत. मूळच्या धुळ्याकडच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सेठपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना बेन म्हणत, मी ताई. बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा आम्हाला येत होती. पण नव्वदच्या दशकात जो तो सी भाषेचं नाव घेऊ लागला, तेव्हा ताईंनी ठरवलं, ती कोडी सोडवत शिकायची. डबा खाऊन झाला की अर्धा तास मशीन आमचं.

"ही सी म्हणजे सासू आहे," त्या म्हणत. "एक अर्धविराम राहिला की दारातूनच परत."

दुसऱ्याचं उत्तर बघायचं नाही, हा त्यांचा नियम. "उष्टं नको, भाऊ." माझ्या डब्यातली शेवेची भाजी मात्र बिनदिक्कत घेत.

स्वतःसाठी काही शिकणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. चेहरा वेगळाच होतो. ताईंचा बाकी सगळा दिवस मिलचा आणि घराचा. तेवढा अर्धा तास त्यांचा.

मग आलं आठ वजिरांचं कोडं. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे बसवायचे, की कोणी कोणाच्या माऱ्यात येऊ नये. ताईंनी फसलेल्या छपाईच्या कापडातून पटाएवढ्या चौकड्या कापून आणल्या. शर्टाची बटणं वजीर झाली. आधी हातानं चाल समजून घ्यायची, मग ती सीमध्ये लिहायची. सात बसत. आठवा अडे. त्या हसत आणि एक पाऊल मागं येत.

मला एका मासिकात तो प्रोग्राम छापलेला सापडला. ताई यायच्या आधी टाइप करून ठेवला. दुपारी त्या डबा धुवून आल्या, तेव्हा पडद्यावर आठही वजीर बसलेले.

"तू सोडवलंस?"

"हो."

"वा रे भाऊ!" त्यांनी अख्खं ऑफिस गोळा केलं.

पुढं सेठला सीमध्ये काम करणारं माणूस हवं झालं. ते काम ताईंना हवं होतं, मला माहीत होतं. त्याच म्हणाल्या, "याला द्या, सेठ. आठ वजीर यानं एकट्यानं बसवलेत." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

त्यानंतर ताई दुपारी मशीनवर बसल्या नाहीत. काही महिन्यांनी धुळ्याला परत गेल्या. जाताना ते कापड माझ्या टेबलावर ठेवलं. "घे, भाऊ. मला नाही जमलं." मी ते घडी घालून खणात ठेवलं. पुन्हा भेट नाही.

ताई, तो प्रोग्राम माझा नव्हता. तुम्हाला जमत आलं होतं.

हल्ली ते कापड मी जेवणाच्या टेबलावर पसरतो. सात बटणं बसतात, आठवं हातात राहतं. उत्तर कुठंही मिळेल आता. मी सातवं उचलतो, शेजारच्या घरात ठेवतो.