मी चढवलेल्या तारा

तीच गिटार तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"नाना, परत झणझण करस," विलास खाली मान घालून म्हणाला.

विलास शिंदखेड्याचा. पंचेचाळिशीचा गडी, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मी जळगावात वाद्यं दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली. माझ्या हातून गेलेलं वाद्य परत येत नाही, अशी माझी घमेंड होती. आणि हा बाबा तीन महिन्यांत तिसऱ्यांदा पॅसेंजरनं आला होता.

झणझण म्हणजे काय ते सांगतो. गिटारच्या दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोटानं दाबलेली तार एका फ्रेटवर टेकते आणि पुढे मोकळी हलते. हलताना ती फ्रेटला घासली की सूर फाटतो, डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो. दांड्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकतं, दांडा मागे वाकतो. मग ती सळई थोडी ढिली करायची. तेवढ्यानं भागलं नाही, तर ब्रिजवरचे, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात त्या पट्टीवरचे, स्क्रू फिरवून तारा वर चढवायच्या. तारांच्या या उंचीला ॲक्शन म्हणतात. ॲक्शन वाढली की झणझण जाते, पण तार दाबायला जोर जास्त लागतो.

पहिल्या वेळी दांडा खरंच वाकला होता. मी सळई ढिली केली, वाजवून दिली. दुसऱ्या वेळी मला काही दोष ऐकू आला नाही. तरी गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून तारा चांगल्या वर चढवल्या. वर त्याची टिंगलही केली. "अरे, भाकरी खात जा दोन जास्तीच्या! गिटार आहे ती, नवरीचा हात नाही हळूच धरायला." तो हसला आणि गेला.

आता तिसरी वेळ. मी ताडकन गिटार ॲम्पला जोडली आणि एकेक तार एकेका फ्रेटवर वाजवून दाखवली.

"ऐक. कुठंय झणझण?"

"तुम्हना हातमा नही वाजत, नाना. मना हातमाच वाजस. आसं कसं?"

"वाजव बरं तू."

त्यानं वाजवली. झणझण होतीच. मी सवयीनं गिटारकडेच बघत होतो, आणि मग पहिल्यांदा त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. करंगळी आणि शेजारचं बोट तार दाबतच नव्हती, नुसती तिच्यावर ठेवलेली होती. अर्धवट दाबलेली तार कुठल्याही गिटारवर झणझणते. घामानं त्याचं कपाळ भिजलं होतं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस आत गेलं होतं, तिथं खळगा पडला होता.

"विलास, शर्टाची बटणं कोण लावतं?"

तो ओशाळला. "बायको लाई देस." मग आपणहून म्हणाला, "करंगळीले मुंग्या येतस, नाना. पन लगनसराई शे. हात चालत नही सांगं, ते दुसरा गडी लई येतीन."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्याला तसाच डॉक्टरकडे नेला. तपासण्या झाल्या. कोपरापाशी शीर दबली होती, ऑपरेशन लगेच करायला सांगितलं. विलास बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "तारा कडक होत्या, तो महिनाभर जोर लावून दाबत होता. त्यानं वाढलं का?"

"भर पडली असेल," ते म्हणाले. "पण मुख्य म्हणजे उशीर झाला. दोन-तीन महिने आधी यायला हवा होता."

दोन-तीन महिने आधी तो आला होता हो. माझ्याकडे आला होता.

ऑपरेशन झालं. मुंग्या थांबल्या, पण बोटांत जोर काही परत आला नाही. वर्ष झालं त्याला. ऑर्केस्ट्रात आता दुसरा गिटारवाला आहे. विलास मिक्सरवर बसतो, उजव्या हातानं आवाज कमीजास्त करतो. भला माणूस, पार चाळीसगावपर्यंतची गिऱ्हाइकं माझ्याकडे धाडतो. आणि आता झणझण घेऊन कोणी आलं की मी आधी त्यालाच वाजवायला लावतो, त्याची बोटं बघतो. पाना त्यानंतर. ही अक्कल मला साठीत आली, आणि तिची किंमत दुसऱ्यानं भरली.

गेल्या महिन्यात विलास बायकोला घेऊन दुकानात आला. मी नको नको म्हणेपर्यंत ती माऊली वाकून माझ्या पाया पडली. "नाना, तुम्ही व्हतात म्हनीसन यास्ना हात वाचना," म्हणाली. विलास मागे उभा राहून हसत होता. त्याच्या शर्टाची बटणं तिनंच लावलेली असणार. तारा मीच चढवल्या होत्या, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"बसा," म्हणालो, "चहा सांगतो."