पाण्याच्या पाळ्या जुळवणारा मॅनेजर

आमच्या सांडोरच्या फुटबॉल क्लबचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहायला गेलो की तोंड कडू होतं. तेरा वर्षं मी त्या क्लबचा गोलकीपर होतो, मग सहा वर्षं जॉइंट सेक्रेटरी. म्हणजे जी घाण झाली ती मी लांबून पाहिलेली नाही, तिच्यात उभा राहून पाहिली आहे.

नरहरी आमचा लेफ्ट बॅक. माझ्या पुढ्यात खेळायचा. घरची केळीची वाडी, चार गुंठे अळू, दारात गावठी चाफा. घोट्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या आवळून अनवाणी खेळायचा आणि बुटातल्या फॉरवर्डला घाम फोडायचा. एकाहत्तर साली गुडघा गेला, खेळ सुटला, पण मैदान सुटलं नाही. प्रत्येक मॅचला तो माझ्या गोलच्या मागे उभा. मी चुकलो की एवढंच म्हणायचा, "दिवाकर, पाय उचल." शिवी कधी नाही. सालस माणूस. असल्या माणसाचा आमच्या कमिटीनं काय उपयोग केला ते सांगतो.

त्र्याऐंशीचा मार्च. आम्ही ओळीनं तीन मॅच हरलो होतो. मॅनेजर होते विरारचे एक पी.टी. मास्तर. ते "तुमची मुलं आळशी आहेत, मॅचला पेंगत येतात" असं सांगून सोडून गेले. हरणारा संघ कोण घेणार? कमिटीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत सामोसे खात होते. अध्यक्ष दयारामशेठ. धंदा वाड्या विकत घेऊन प्लॉट पाडायचा. क्लबला गोलची जाळी दिली म्हणून अध्यक्ष झालेला, फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. चटणीनं माखलेली बोटं चाटत तो म्हणाला, "नरहरीला बसवा. हंगामी. हरला तर त्याच्या नावावर, जिंकला तर क्लबच्या." सगळे हसले. मीही हसलो. आणि ते पत्र टाइप केलं मीच. 'पुढील व्यवस्था होईपर्यंत' हे शब्दही माझेच.

नरहरीनं ते पत्र पाटातल्या चिखलात उभं राहून वाचलं. हात धुऊन पुन्हा वाचलं. मग बायकोला, आमच्या यशोदावहिनीला, हाक मारली आणि ते देवापुढे ठेवायला सांगितलं. कमिटीनं त्याला कशासाठी बसवलंय ते मला त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं काय केलं? बॉलला हातही लावला नाही. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आमच्या अकरा खेळाडूंच्या घरच्या पाण्याच्या पाळ्या लिहून काढल्या. आमच्याकडे एका विहिरीवर तीन-तीन, चार-चार भावांच्या वाड्या. इंजिन एक, वार ठरलेले. कुणाचा मंगळवार पहाटे, कुणाचा रविवार दुपारी. पाळी चुकली की पुढचे आठ दिवस वाडी कोरडी. आणि पाळी म्हणजे पाच-सहा तास घोटाभर चिखलात उभं राहून केळीच्या बुंध्याभोवतीचं एक आळं भरलं की मातीनं त्याचं दार बांधायचं, दुसऱ्याचं फोडायचं. आमचे निम्मे खेळाडू हे करून मैदानात येत होते. मास्तरांना ते आळशी वाटले. त्यांनी कधी कुणाच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं.

मग नरहरी लंगडत घरोघर गेला. पाळीची अदलाबदल मागणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. सख्खे भाऊ त्यावरून बोलेनासे होतात. पण त्याला लोक नाही म्हणत नव्हते. तरी कुणी अडलंच, तर मॅचच्या सकाळी हा मॅनेजर स्वतः त्या खेळाडूच्या वाडीत खोरं घेऊन हजर. मुलं झोप काढून मैदानात यायला लागली. आम्ही चार मॅच ओळीनं जिंकलो आणि मेमध्ये फायनलला आलो. कमिटी तोवर त्याची टिंगल करत होती. "फुटबॉल शिकवतो की पाणी वाटतो?" दयारामशेठचा हा विनोद. फायनलला पोचलो तसा तोच शेठ लोकांना सांगू लागला, "नरहरी माझा शोध."

फायनल रविवारी चारला. आणि नेमकी रविवारी दोन ते सहा ही आमच्या सेंटर फॉरवर्डच्या घरची पाळी. सेबॅस्टियन त्याचं नाव, बावीस वर्षांचा, घरातला एकटा पुरुष. आई हेलन विधवा, गुडघे सुजलेले, तिला चिखलात उभं राहता येत नव्हतं. महिनाभरापूर्वी लावलेली दोनशे केळी. मेच्या उन्हात ती आठ दिवस कोरडी राहिली असती तर गेलीच असती. विहिरीचा दुसरा वाटेकरी तिचा दीर रॉबर्ट. बांधावरून भांडण, त्यामुळे तो बदली द्यायला तयार नव्हता. नरहरीनं हेलनला सांगितलं, "तुझा मुलगा खेळणार आणि तुझी केळी भिजणार. शब्द देतो." आणि यशोदावहिनीला तिच्या वाडीत पाठवलं. एका घरची बाई दुसऱ्याच्या विहिरीवर पाळी धरते, हे आमच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. वहिनी काष्टा मारून गेल्या.

साडेतीनला मैदानाशी शेठची फियाट येऊन थांबली. आतून तीन जण उतरले, मुंबईच्या कंपनी टीमचे खेळाडू, पायात नवे कोरे बूट. शेठनं फर्मावलं, "हे तिघं खेळतील. सेबॅस्टियन, आणि ते दोघे हाफ बॅक, बाहेर."

नरहरी शांतपणे म्हणाला, "इथवर यांनी आणलंय. हेच खेळणार."

"तू कोण सांगणार? तुझं पत्र वाच. हंगामी आहेस. नवा कोच मी मुंबईहून ठरवलाय, तो उद्यापासून येणार होता. आजपासून आला समज."

नरहरीनं त्याच्याशी वाद घातला नाही. तो आमच्याकडे वळला. कमिटीचे आम्ही पाच जण बाकावर बसलो होतो. "तुम्ही बोला," तो म्हणाला. एकानं चष्मा पुसायला काढला. एकाला लांब कुणीतरी ओळखीचं दिसलं. "दिवाकर, तू तरी बोल."

शेठ म्हणाला, "दिवाकर, नऊ नंबरची जर्सी घे त्याच्याकडून. दुसरी नाहीये."

मी उठलो. सेबॅस्टियनपाशी गेलो आणि म्हणालो, "हात वर कर, बाबा." त्यानं लहान मुलासारखे हात वर केले. वॉर्म-अपच्या घामानं जर्सी अंगाला चिकटली होती. मी ती ओढून काढली आणि त्या मुंबईकराच्या हातात दिली. त्यानं ती दोन बोटांत धरली, नाक मुरडलं, आणि घातली.

नरहरीनं सेबॅस्टियनला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि दोघे निघून गेले.

आम्ही दोन-शून्य जिंकलो. दोन्ही गोल त्या मुंबईकराचे. बक्षीस घेताना शेठनं माइकवरून भाषण केलं, "गावच्या मुलांनी गावाची शान राखली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सहाच्या सुमारास पेढ्यांचा पुडा घेऊन मी हेलनच्या वाडीत गेलो. कशाला गेलो, देव जाणे. इंजिन चालू होतं. नरहरी, यशोदावहिनी आणि उघड्या अंगाचा सेबॅस्टियन शेवटच्या ओळीतली आळी भरत होते. हेलन विहिरीच्या काठावर पाय पसरून बसली होती. मला पाहताच म्हणाली, "दिवाकर, तू होतास ना तिथं? याच्या अंगातली जर्सी कोनी काढली रे? हा सांगत नाय."

सेबॅस्टियननं मान वर केली नाही. "सांगितलं ना आय, मीच काढून दिली. माझा पाय दुखत होता."

नरहरीनं खोरं टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. तो वाट बघत होता.

"हो," मी म्हणालो. "त्यानंच काढून दिली."

हेलननं सुस्कारा सोडला. नरहरीनं खाली वाकून आळ्याचं दार बांधलं, हात धुतले आणि पेढ्यांचा पुडा काठावरून उचलून माझ्या हातात परत दिला.

"घेऊन जा, सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला. "तुमचा क्लब जिंकलाय."

शाळेपासूनचा मित्र माझा. त्या दिवसापासून रस्त्यात भेटला तर थांबतो, तब्येत विचारतो, आणि मला अहो-जाहो करतो.